शीला चंद्राचा आवाज, मिरी-मध आणि एक खोटारडा फॉरवर्ड

‘लंडनला हादरवणारी मुंबईची मराठी मुलगी!’ हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. साडी नेसलेल्या, कपाळावर ठसठशीत टिकली लावलेल्या एका तरुण मुलीचा फोटो, वर तिरंगा, खाली जोडलेल्या हातांची रांग आणि शेवटी ‘प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा’. मी तो आधीही पाहिला होता आणि असल्या मेसेजचं जे करायचं तेच केलं होतं. या वेळी मात्र तो माझ्या आत्याकडे तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरून गेला आणि तिने त्यात सांगितलेला उपाय सुरूही केला. उपाय काय ते पुढे येईलच. संताप त्याचाच आहे, बाकीचं मी सोडून दिलं असतं.

मेसेज काय म्हणतो ते आधी थोडक्यात. १९८२ मध्ये शीला चंद्रा नावाच्या मुंबईच्या मुलीने लंडनला जाऊन ‘मॉन्सून’ नावाचा बँड काढला. ब्रिटनच्या चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या आठवड्याच्या यादीवर, पोचलेली ती पहिली भारतीय. तिचं ‘एव्हर सो लोन्ली’ हे गाणं कित्येक आठवडे नंबर एकवर होतं. बीटल्सनी तिचं एक गाणं चोरलं. बीबीसीने घाबरून बंदी घातली, रेकॉर्डी जाळल्या आणि बँड संपवला. वैदिक मंत्र पॉपमध्ये मिसळल्यामुळे पुढे तिची वाचा गेली. आणि आज तिचं नाव मुद्दाम पुसून टाकण्यात आलंय.

मॉन्सून हा बँड खरोखर होता, शीला चंद्राही खरी, गाणंही खरं. मेसेजमध्ये तपासण्यासारखं खरं एवढंच.

मुंबईपासून सुरुवात करू. शीला चंद्राचा जन्म १९६५ मधला, लंडनमधला. घराणं मूळचं दक्षिण भारतातलं. शिक्षण लंडनच्या इटालिया कॉन्टी या नाट्यशाळेत. ‘ग्रेंज हिल’ या शाळकरी मुलांवरच्या बीबीसीच्या मालिकेत सुधामणी पटेल नावाची विद्यार्थिनी असायची, ती हीच. म्हणजे बँडच्या आधीच ब्रिटनमधल्या घराघरांतली पोरं तिला ओळखत होती. तिला मराठी ठरवण्याची एवढी घाई का, हे मला कळलेलं नाही. लंडनमध्ये वाढलेली दाक्षिणात्य मुलगी आपल्याला चालत नाही का?

बँडही तिने काढला नाही. तो स्टीव्ह को या संगीतकार-निर्मात्याचा उद्योग. त्याला भारतीय संगीताची गोडी लागली होती आणि तंबोऱ्याच्या एका स्वरावर उभं राहील असं पॉप गाणं करून बघायचं होतं. बासवर मार्टिन स्मिथ. शीलाचा आवाज त्यांना एका रेकॉर्ड कंपनीकडे तिने दिलेल्या ऑडिशनच्या टेपवरून सापडला. त्या वेळी ती शाळकरी वयाची होती. तिघांनी १९८१ मध्ये स्वतःच्या ‘इंडिपॉप’ या लेबलवर एक छोटी रेकॉर्ड काढली. मग फोनोग्रामसारख्या बड्या कंपनीने त्यांना घेतलं आणि ‘एव्हर सो लोन्ली’ नव्याने ध्वनिमुद्रित होऊन १९८२ च्या वसंतात बाजारात आलं. सतार, तबला, त्याखाली त्या काळच्या न्यू वेव्ह या पॉप शैलीचा ठाम बास आणि ड्रम, आणि वर एका सतरा वर्षांच्या मुलीचा अजिबात न कापणारा आवाज.

आता चार्ट. इथे मी एकाच कागदावर भिस्त ठेवते: ब्रिटनचा अधिकृत सिंगल्स चार्ट. १९५२ पासून आठवड्याच्या आठवड्याला नोंद आहे, इंटरनेटवर फुकट बघायला मिळते, आणि तिला ना तिरंगा कळतो ना युनियन जॅक. ‘एव्हर सो लोन्ली’ त्यात जास्तीत जास्त वर चढलं ते बाराव्या क्रमांकापर्यंत. त्यानंतरचं ‘शक्ती’ एकेचाळीसपर्यंत. बस्स. त्या एप्रिल-मेमध्ये तीन आठवडे नंबर एकवर कोण होतं माहितीये? पॉल मॅकार्टनी आणि स्टीव्ही वंडर, ‘एबनी अँड आयव्हरी’. काळ्या-गोऱ्यांनी गुण्यागोविंदाने नांदावं असं सांगणारं गाणं. बारावा क्रमांक ही मोठीच गोष्ट होती. सतार-तबल्यावरचं, एका अनोळखी बँडचं पहिलंच मोठं सिंगल तिथवर गेलं. त्याला ओढूनताणून एक नंबर करायची गरज नव्हती.

‘पहिली भारतीय’ हेही त्याच कागदावर कोसळतं. बंगळूरहून गेलेला बिद्दू १९७४ मध्ये ‘कुंग फू फायटिंग’ या गाण्याचा निर्माता म्हणून नंबर एकवर पोचला होता, आणि पुढच्या वर्षी त्याच्या स्वतःच्या ऑर्केस्ट्राची रेकॉर्ड चार्टात आली. आणि मराठी अभिमानच मिरवायचा असेल तर पाचगणीला जा ना. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बलसारा नावाचा पारशी मुलगा फ्रेडी मर्क्युरी या नावाने १९७५ च्या अखेरीस क्वीन या बँडबरोबर नंबर एकवर होता, आणि चांगले नऊ आठवडे होता. तेव्हा शीला दहा वर्षांची होती.

बीटल्सच्या चोरीची गोष्ट मला सगळ्यात जास्त हसवून गेली. मेसेज म्हणतो, बीटल्सनी मॉन्सूनचं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ चोरलं. ते गाणं बीटल्सच्या १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बममधलं. तो अल्बम आला तेव्हा शीला चंद्रा जेमतेम दीड वर्षाची होती. आणि बीटल्स फुटले १९७० मध्ये. म्हणजे बीटल्सचा जॉन लेनन पाळण्याशी कान लावून बसला होता असं मानावं लागेल. प्रत्यक्षात उलट झालं: मॉन्सूनने १९८२ मध्ये बीटल्सचं हे गाणं पुन्हा गायलं, रेकॉर्डवर रीतसर लेनन-मॅकार्टनी असं श्रेय आहे.

पण गंमत अशी की मेसेज लिहिणाऱ्याने हे गाणं नुसतं ऐकलं असतं तरी त्याला खरी, आणि बरीच चांगली गोष्ट मिळाली असती. लेननने ते गाणं जवळजवळ एकाच स्वराच्या आधारावर रचलं होतं, मागे तंबोरा आहे, कॉर्ड बदलायची पाश्चात्त्य पॉपची सवय त्याने तिथे जवळपास टाकून दिली होती. बीटल्सनी ती कल्पना कुठून उचलली हे उघड आहे. सोळा वर्षांनी एक भारतीय वंशाची मुलगी तेच गाणं हातात घेते आणि त्यातला तंबोरा पुन्हा पुढे आणते. उसनवारीच म्हणायची तर ती दोन्हीकडून आहे, आणि दोन्हीकडून उघडपणे केलेली आहे. पण ‘चोरी’ हा शब्द टाकला की फॉरवर्ड जास्त होतं.

बंदीबद्दल. शीलाने ‘एव्हर सो लोन्ली’ गायलं ते ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये, म्हणजे बीबीसीच्याच कार्यक्रमात, साडी नेसून, लाखो लोकांसमोर. बंदी घालायची ही कुठली तऱ्हा?

बँड मात्र त्याच वर्षी, १९८२ मध्येच संपला. कारण कंपनीशी न पटणं. पुढे कसं गायचं, काय काढायचं यावर मतभेद झाले आणि तिघांनी गाशा गुंडाळला. ‘थर्ड आय’ हा त्यांचा एकुलता एक अल्बम १९८३ मध्ये आला तेव्हा बँड उरलाच नव्हता. आणि इथे मला नाइलाजाने मेसेजला एक अर्धा गुण द्यावा लागतो. तो काळ ब्रिटनमधल्या आशियाई लोकांसाठी सुखाचा नव्हता. १९८१ च्या उन्हाळ्यात लंडनच्या साउथहॉल भागात दंगल झाली होती, रस्त्यावर ‘पाकी’ म्हणून अंगावर येणारे लोक होते. आणि कंपन्यांना मॉन्सूनमध्ये संगीताइतकीच, कदाचित जास्तच, साडी-टिकली विकायची होती हे त्या वेळचे फोटो बघितले की कळतं. एका मोसमाची परदेशी नवलाई म्हणून घ्यायचं आणि पुढच्या मोसमात दुसरं काही शोधायचं, हा त्या धंद्याचा स्वभावच. त्याला वंशद्वेष म्हणा, बाजारूपणा म्हणा, माझी हरकत नाही. पण त्यात बीबीसीची बंदी कुठे नाही आणि जाळलेल्या रेकॉर्डीही नाहीत. आणि संपवलेली म्हणतात ती गायिका करत काय होती? १९८४ आणि १९८५ या दोन वर्षांत तिने त्याच इंडिपॉप लेबलवर चार अल्बम काढले. विशीसुद्धा नीट उलटली नव्हती. कंपनीच्या तावडीतून सुटून तिने आपल्याला हवं ते केलं असं मी तरी वाचते.

आता वाचा गेली त्याबद्दल.

खरं एवढं आहे: २०१० च्या सुमारास शीला चंद्राला बर्निंग माउथ सिंड्रोम हा विकार जडला आणि तिचं गाणं थांबलं. गायलं-बोललं की तोंडात असह्य आग होते, म्हणून तिला बोलणंही जवळजवळ सोडावं लागलं. तिने हे स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे. मेसेज यावर चढवतो ते असं: ‘वैदिक मंत्रांचा बाजार मांडल्याची ही शिक्षा होती. पाश्चात्त्य डॉक्टर हरले.’ आणि मग लगेच, जणू जाहिरातच: ‘अशी आग होत असेल तर रोज पहाटे आल्याचा रस, मिरपूड आणि मध जिभेवर धरा, आणि मोठ्याने १०८ वेळा ॐकार करा.’

माझ्या आत्याला हाच विकार आहे. जिभेचा शेंडा आणि टाळू, कढत चहाने पोळल्यासारखं सतत. सकाळी जरा बरं, दिवस कलेल तसं वाढत जातं. तोंडात बघितलं तर काही दिसत नाही, फोड नाही, लाली नाही, आणि हाच या दुखण्याचा खरा छळ आहे. कारण दिसत नाही म्हटलं की लोक ‘मनाचे खेळ’ म्हणून मोकळे होतात. एका डॉक्टरनेही तिला तेच ऐकवलं होतं. शेवटी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नीट विचारपूस केली, रक्त तपासायला लावलं, तेव्हा नाव कळलं. आत्या भजनी मंडळात पुढे बसणारी बाई, तिचा अभंग सुरू झाला की मागच्यांचे टाळ आपोआप जुळायचे. ती हल्ली मागे बसून नुसत्या टाळ्या वाजवते. अशा बाईला मंडळातल्याच कोणीतरी हा मेसेज पाठवला, वर ‘ताई, तुमच्यासारखंच हो’ असं लिहून. तिने दोन्ही गोष्टी वाचल्या: उपाय आणि शिक्षा. उपायाने तिची रात्र तळमळत गेली. आणि शिक्षेचं काय झालं? तिने मला विचारलं, ‘अगं, मी कधी सोवळं-ओवळं फार पाळलं नाही गं, तेच तर नसेल?’ मेसेज लिहिणाऱ्या महाभागाला मी या वाक्याचा जाब विचारू इच्छिते.

आगीवर मिरपूड! साधी अक्कल वापरली तरी कळावं. हा विकार असलेल्यांना पहिलं काय सांगतात, तर तिखट, मिरी, आलं, आंबट, फार गरम आणि अल्कोहोल असलेलं माउथवॉश बंद करा. (मिरचीतल्या द्रव्याचा वापर काही वेळा उपचारात करतात हे खरं, पण तो मापून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, स्वयंपाकघरातल्या डब्यातून नव्हे.) हा त्रास सगळ्यात जास्त दिसतो तो पाळी गेल्यानंतरच्या बायकांमध्ये. काहींमध्ये तो तोंडातल्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या बिघाडातून येतो. काहींमध्ये मागे दुसरंच कारण असतं: बी-ट्वेल्व्ह, लोह किंवा झिंक कमी, मधुमेह, थायरॉइड, तोंडातला बुरशीसंसर्ग, कोरडं तोंड, न बसणारी कवळी, रक्तदाबाच्या काही गोळ्या. त्यातली कारणं तपासता येतात आणि त्यांवर उपाय करता येतो. आत्याचं बी-ट्वेल्व्ह चांगलंच खाली होतं. शाकाहारी घरांत ते नवल नाही. ज्यांना असं कारण सापडत नाही त्यांच्यासाठी मज्जातंतूंवर काम करणारी औषधं आहेत. कोणाला उतार पडतो, कोणाला फारसा नाही. आणि ज्या बाईला बोलल्याने आग होते तिला १०८ वेळा मोठ्याने ॐकार करायला सांगणं म्हणजे मोडलेल्या पायाने पर्वती चढायला लावणं. शीला चंद्राने गाणं थांबवलं ते नेमकं याच कारणाने.

आता मंत्रांचा बाजार. ‘एव्हर सो लोन्ली’ ऐका. इंग्रजी गाणं आहे, विषय विरहाचा, मंत्र औषधालासुद्धा नाही. तिने मंत्र गायलाय का? गायलाय. १९९२ च्या ‘वीव्हिंग माय अ‍ॅन्सेस्टर्स व्हॉइसेस’ या अल्बममध्ये भजन आहे आणि शेवटी शिवाचा मंत्रही आहे. तिथे ना ड्रम आहेत ना नाचाचा ताल, मागे आधारस्वर आणि पुढे एकटा आवाज. आपल्याकडच्या कित्येक भक्तिगीतांच्या कॅसेटींपेक्षा सोज्वळ प्रकार आहे. आणि शिक्षा अठरा वर्षं थांबून आली? देव जर असल्या गोष्टींवर चिडत असता तर विसर्जन मिरवणुकीतले डीजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी बोलू शकले नसते.

‘वाचा गेली’ म्हणून ती कोपऱ्यात बसली हेही खोटं. ती लिहिते. घरातला पसारा आवरण्यावर तिचं पुस्तक २०१० मध्ये आलं, नंतर कलावंतांनी कामाचं नियोजन कसं करावं यावर दुसरं.

राहिलं नाव पुसून टाकणं. तोच चार्ट पुन्हा उघडा, साल २००२. जकाटा या नावाने रेकॉर्ड काढणाऱ्या एका ब्रिटिश डीजेने ‘सो लोन्ली’ काढलं. त्यात शीलाचा आवाज आहे, आणि ते आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. मूळ गाण्यापेक्षा चार पायऱ्या वर, वीस वर्षांनी! त्याच वर्षाच्या शेवटी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा दुसरा चित्रपट आला, त्याच्या पार्श्वसंगीतात ती गायली आहे. जगभरच्या थिएटरांत तो आवाज घुमला. नाव पुसायचा कट असा असतो का?

मॉन्सूनमुळे पुढच्या कोणी काय केलं हे मात्र जपून बोलावं. १९८२ च्याच शरद ऋतूत ब्लांमांज या न्यू वेव्ह जोडीने सतार-तबला घेऊन ‘लिव्हिंग ऑन द सीलिंग’ काढलं आणि ते सातव्या क्रमांकावर गेलं. ते मॉन्सूनमुळे झालं असं मी म्हणणार नाही, हवाच तशी होती. १९९६ मध्ये बॅली सागू या ब्रिटिश-भारतीय संगीतकाराचं हिंदी गाणं चार्टात बाराव्या क्रमांकावर पोचलं, १९९८ मध्ये आशाबाईंच्या नावाचं कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचं गाणं नंबर एक झालं. त्यांची वाट एकट्या शीलाने पाडली असं म्हणणं हा पुन्हा फॉरवर्डचाच खाक्या होईल. पण हे सगळे यायच्या किती तरी आधी ब्रिटिश टीव्हीवर साडीतली मुलगी तबल्यावर पॉप गाऊन गेली होती, हे कोणाला नाकारता येणार नाही. आणि ‘इंडिपॉप’ हे नाव आपल्याकडे अलिशा चिनॉय आणि बाबा सेहगलच्या काळात घरोघरी गेलं, ते या तिघांच्या रेकॉर्डवर १९८१ मध्येच छापलेलं होतं. एवढं श्रेय त्यांना रोख द्यावं.

मला विचाराल तर तिचा खरा ठसा दुसरीकडे आहे. १९९२ चा तो अल्बम पीटर गेब्रिएल या ब्रिटिश गायकाच्या रिअल वर्ल्ड लेबलवर आला. त्यात तबल्याचे आणि दाक्षिणात्य तालाचे बोल ती नुसत्या तोंडाने इतक्या वेगाने म्हणते की आत्याच्या मंडळातले पखवाजवाले काका दोनदा मागे नेऊन ऐकत बसले. आणि त्याच अल्बममध्ये ‘एव्हर सो लोन्ली’ पुन्हा आहे. ड्रम नाहीत, बास नाही, सतारीची ती ओळखीची सुरावटही नाही. फक्त आधारस्वर आणि सत्तावीस वर्षांची शीला. नाचाच्या हॉलसाठी विकलेलं गाणं विलंबितात जातं, ओळींमध्ये श्वास घ्यायला जागा होते, आणि कळतं की चाल पहिल्यापासून षड्जावरच उभी होती, कंपनीने भोवती मांडव घातला होता इतकंच. बँड दोन वर्षांत संपला तरी गाणं का टिकलं, याचं उत्तर मला तिथे मिळतं.

तेव्हा ऐकायचं असेल तर आधी १९९२ चं ऐका, मग १९८२ चं. आणि तो मेसेज तरीही पाठवायचाच असेल, तर निदान मिरी-मधाची आणि शिक्षेची ओळ खोडून पाठवा. मराठी मुलगी वगैरे राहू दे, त्याने कोणाची जीभ भाजत नाही.